मागच्या बाकावरची वही

मंगळवारी तिसऱ्या तासाला आठवी ‘ब’च्या वर्गात गणिताच्या बाईंनी एक प्रश्न विचारला आणि त्या थांबल्या. मी मागच्या बाकावर बसून सेकंद मोजत होतो. सव्वीस सेकंदांनी त्या खाली बसल्या. आम्ही त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलं. दीड वाजता डॉक्टर बाहेर आले आणि त्या गेल्याचं त्यांनी सांगितलं.

एवढं लिहायला मला चार महिने लागले. आत्ताही हा परिच्छेद लिहून मी दोनदा उठलो, गॅलरीत जाऊन आलो, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तो न पिताच बाजूला ठेवला.

मी त्याच शाळेत इतिहास-भूगोल शिकवतो. शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या तर यंत्रमागांचा आवाज आत येतो, बंद ठेवल्या तर उकडतं. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही दखनी उर्दू बोलतात आणि आमच्याशी मराठी. बाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. फळ्यासमोर त्यांची भाषा पुस्तकातली असायची, शिक्षकखोलीत पाऊल टाकलं की गावाकडची.

तीन वर्षांपूर्वी कुठल्याशा प्रशिक्षणानंतर शाळेत एक फॉर्म आला. प्रत्येक शिक्षकाने महिन्यातून दोनदा दुसऱ्या शिक्षकाच्या तासाला बसायचं, पाहायचं आणि फॉर्म भरायचा. एकमेकांचं पाहून शिकवणं सुधारावं, असा हेतू होता. पहिल्याच महिन्यात शिक्षकांनी त्यातून वाट काढली. मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सगळे एकमेकांचे फॉर्म भरू लागले.

“सर, तुमचा तास लई भारी झाला बरं का,” पी.टी.चे सर मला म्हणाले.

“तुम्ही कधी पाहिलात?”

“बघायला कशाला पायजे? लिव्हलंय की.”

त्याच सुट्टीत बाई माझा दुसरा फॉर्म भरत होत्या. ‘फलकलेखन’ या शब्दापुढे ‘उत्तम’ लिहिता लिहिता त्यांनी पेन उचललं.

“सर, तुम्ही फळ्यावर लिहिता तरी का ओ?”

“लिहितो. कधी कधी.”

“मला म्हाईत न्हाय. सहा वर्षं झाली, भिंतीपलीकडं शिकवतीय आणि मला म्हाईत न्हाय.” त्यांनी फॉर्म पालथा घातला. “उद्या चौथा तास मला मोकळा हाय. येऊन बसू का? खरंच?”

मला नाही म्हणता आलं नाही. त्या रात्री मी अकबराचा धडा असा वाचला, जसा मी परीक्षेला बसतानाही वाचला नव्हता. आपण वर्गात काय करतो हे मुलांशिवाय कुणी पाहत नाही, आणि मुलं काही सांगत नाहीत. वीस वर्षं मी त्या आडोशाला शिकवत होतो.

बाई आल्या, मागच्या बाकावर बसल्या आणि तासभर लिहीत राहिल्या. तास संपल्यावर काय म्हणतील म्हणून मी जिन्यात उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “आधी तुम्ही सांगा. कसा झाला?”

मी म्हणालो, बरा झाला. मग त्यांनी वाचून दाखवलं. मी किती वेळा खिडकीबाहेर पाहिलं, कुणाकुणाला प्रश्न विचारले, डावीकडच्या रांगेला एकही नाही. ‘चांगलं’ नाही, ‘वाईट’ नाही. फक्त जे दिसलं ते. डावीकडच्या रांगेचं ऐकून माझे कान तापले.

“आमच्याकडं ज्वारी बघायला माणूस जातो की, तवा बांधावर उभा राहतो,” त्या म्हणाल्या. “आत शिरून ताट उपटून बघत न्हाय. मी बांधावर होते.”

त्यातूनच आमची पद्धत ठरली. दोनशे पानी दोन वह्या आणल्या. त्यांच्या तासाची वही माझ्याकडे, माझ्या तासाची त्यांच्याकडे. पाहणाऱ्याने डाव्या पानावर लिहायचं, शेवटी एक प्रश्न विचारायचा. मग वही दुसऱ्याला द्यायची आणि त्याने उजव्या पानावर उत्तर लिहायचं. दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच लिहायचं, आपलं मत लिहायचं नाही. हा नियम बाईंचा होता आणि त्या बाबतीत त्या फार कडक होत्या.

त्यांच्या पहिल्याच तासाला मी माझं मनगटी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. वहीत लिहिलं, ‘प्रश्न विचारल्यावर दोन सेकंदांत त्या स्वतःच उत्तर सांगतात. असं अकरा वेळा.’

उजव्या पानावर बाईंचं उत्तर आलं, ‘मीच विचारते, मीच सांगते. मग पोरं कशाला लागतात? थांबायला शिकते.’

आणि त्या शिकल्या. सुरुवातीला प्रश्न विचारून त्या ओठ घट्ट मिटून घेत, उत्तर आतून ढकलत असल्यासारखं. दोनाचे चार सेकंद झाले, चाराचे सात. मुलांना सांगितलं, बाई थांबल्या की कुणी ओरडायचं नाही, जागचं हलायचं नाही, विचार करायचा. आठवी ‘ब’चा अख्खा वर्ग गप्प बसून विचार करतो हे मी पाहिलं आहे. मागांचा आवाज तेवढा यायचा. मग कुठून तरी एक हात वर जायचा, बहुतेक वेळा ज्याच्याकडून अपेक्षा नाही त्याचा. एकदा दहा सेकंद झाले तेव्हा मी आनंदाने लिहिलं, ‘दहा. उत्तम.’

वही परत आली तेव्हा ‘उत्तम’वर रेघ होती. बाजूला लिहिलं होतं, ‘हा शब्द फॉर्मातला. वहीत चालत नाही.’

पी.टी.चे सर आम्हाला चिडवायचे. “आली बघा सीआयडीची जोडी. आज कुणाचा पंचनामा?” बाई त्यांना म्हणायच्या, “तुमच्या तासाला येऊ का? पोरं पळत्यात आणि तुमी सावलीत बसताय, तेवढंच लिव्हायचं हाय.”

या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई थोड्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी काही विचारलं नाही. सुट्टीत माहेरी गेल्या असतील, उन्हाळा कडक होता, असं काहीतरी मी मनात धरलं. त्यांचं थांबणं वाढलं होतं. बारा, पंधरा, अठरा. माझ्याकडची वही त्या आकड्यांनी भरत होती आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता, थोडा स्वतःचाही. जुलैपासून उजवी पानं कोरी येऊ लागली, आणि माझ्या तासाची वही माझ्याकडे येणंच थांबलं. विचारलं तर म्हणायच्या, “घटक चाचणी होऊ द्या, सगळी एकदम लिहिते.”

आणखी एक गोष्ट होती. त्या माझ्या तासाला वरचेवर येऊ लागल्या. आधी महिन्यातून दोनदा यायच्या, जुलैत आठवड्यातून तीनदा. “सर, तुमचा तास बघावा वाटतोय,” म्हणायच्या आणि मागच्या बाकावर भिंतीला पाठ टेकून बसायच्या. मला ते सुखावून गेलं. मी रात्री जास्त वाचू लागलो, ग्रंथालयातून जुने नकाशे काढून आणले. पन्नाशीला आलेला माणूस कुणीतरी पाहतंय म्हणून इतका नीट शिकवतो, याचं मला हसू यायचं.

त्या मंगळवारी चौकोनाच्या कोनांचा धडा होता. बाईंनी फळ्यावर एक वेडावाकडा चौकोन काढला. चारही कोन मोजले, बेरीज तीनशे साठ. मग दुसरा चौकोन, पुन्हा तीनशे साठ. त्यांनी वर्गाकडे वळून विचारलं, “का येते?”

उजव्या हातात खडू होता. डावा हात टेबलावर होता.

मी मोजू लागलो. वर्ग गप्प. चौदाव्या सेकंदाला दुसऱ्या बाकावर एक हात वर झाला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही. मी लिहिलं, ‘हात वर, तरी थांबल्या. इतरांना वेळ दिला.’ वीस झाले. मी वर पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. चाळीस मुलं शिकवल्याप्रमाणे जागच्या जागी होती आणि मीही होतो. सव्वीस.

त्यांचा खडू आधी पडला.

लोकांनी विचारलं तेव्हा मी ‘अचानक’ म्हणालो. मुख्याध्यापकांना तेच सांगितलं, दवाखान्यात तेच, शोकसभेतही तेच. तो शब्द सगळ्यांना पुरला. मला तो पुरत नव्हता, कारण वहीत सव्वीस लिहिलेले होते.

मी एका जागी बसू शकेनासा झालो. जेवताना उठायचो. पुस्तक उघडलं की त्याच ओळीवर परत यायचो. पाणी येण्याच्या दिवशी पहाटे नळाखाली बादली लावून मी उभा होतो, तेव्हा बायको आतून म्हणाली, “अहो, बादली वाहून चाललीय. काय मोजताय उभं राहून?” मी चाळीसपर्यंत आलो होतो. सिग्नलला मोजायचो, लिफ्टमध्ये मोजायचो, समोरचा बोलता बोलता थांबला की मोजायचो. घड्याळ कपाटात ठेवलं, तरी मोजणं सुटलं नाही.

दोन आठवड्यांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. माणूस वाईट नाही. टेबलावरचा पेपरवेट ते इकडून तिकडे सरकवत होते.

“सर, कसं सांगू तुम्हाला. त्या दिवशी तुम्ही निरीक्षणालाच बसला होता. वेळापत्रकात तशी नोंद हाय. तपासणी येणाराय. तेवढा फॉर्म भरून दिला असता तर फाइल पुरी झाली असती.”

मी फॉर्म घेऊन आलो. त्यात शेवटी एक चौकट असते, ‘सुधारणेस वाव.’ तीन दिवस तो माझ्या पिशवीत राहिला. चौथ्या दिवशी मी तो कोराच परत दिला आणि म्हणालो, मला जमणार नाही. त्यांनी तो घेतला, ड्रॉवरमध्ये टाकला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

त्याच आठवड्यात बाईंच्या यजमानांचा फोन आला. ते चिंचोळीच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक-दोनदा आमचा नमस्कार झाला होता, तेवढीच ओळख.

“सर, तुमच्याकडं तिच्या तासाची वही हाय म्हणं. ती लई सांगायची त्या वहीचं. मला बघायला मिळंल का?”

“हो, आणून देतो,” मी म्हणालो.

आणि दिली नाही. पहिल्या रविवारी मला बरं नव्हतं. दुसऱ्या रविवारी पाहुणे होते असं मी सांगितलं, ते खोटं होतं. वहीचं शेवटचं पान फाडता येईल का, हेही मी पाहिलं. दोनशे पानी शिवलेल्या वहीचं एक पान फाडलं की दुसऱ्या टोकाचं पान सुटं होतं. तिथे त्यांचं पहिलं उत्तर होतं, ‘थांबायला शिकते.’

तिसऱ्या रविवारी मी जुळे सोलापूरला त्यांच्या घरी गेलो. घर दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना चढताना वरच्या पायरीवर मला दम लागला.

त्यांचा मुलगा पुण्याला परत गेला होता. यजमान एकटेच होते. त्यांनी चहा केला, साखर दोनदा पडली. मग त्यांनी चष्मा लावला आणि वही पहिल्या पानापासून वाचू लागले, ओळीवर बोट ठेवून.

“‘त्या डाव्या हाताने केस मागे सारतात.’ त्या कोण?”

“बाईच. वहीत मी तसंच लिहायचो.”

“व्हय व्हय. सारायची.” ते थोडं हसले. “हे तुमी कशाला लिव्हलंय?”

“दिसलं म्हणून.”

ते वाचत राहिले. मी भिंतीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, दोनदा उठून खिडकीशी गेलो. शेवटच्या पानावर त्यांचं बोट आलं तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. न विचारता बोललो आणि भरभर बोललो. “ते सव्वीस आहेत ना, ते मी मोजले. त्यांना त्रास होत होता आणि मी मोजत बसलो होतो. मला वाटलं, मुलांना वेळ देतायत. मुलांनाही तेच वाटलं. आम्ही सगळे थांबलो होतो.”

त्यांचं बोट त्या आकड्यावरच राहिलं. ती शांतताही मी मोजू लागलो होतो. नवावर आल्यावर लक्षात आलं आणि मी दाताखाली ओठ धरला.

“लवकर उठला असता तर?” त्यांनी विचारलं.

“माहीत नाही.”

“मलाबी म्हाईत न्हाय.” त्यांनी चष्मा काढला. “जूनपासनं जिन्यात थांबायची. त्या वरच्या पायरीवर, कठडा धरून. डॉक्टरनी तपासण्या लिहून दिल्या हुत्या. चाचणी झाली की जाते म्हणली. मी विचारायचो, का थांबलीस गं? तर म्हणायची, ‘शाळेत थांबायची प्रॅक्टिस चाललीय, सर मोजत्यात.’ मी हसायचो, सर. रोज हसायचो.” ते वहीवर हात फिरवत राहिले. “तुमी सव्वीस तरी मोजले. मी तर मोजलंच न्हाय.”

त्यांनी वही मिटली. मग ते म्हणाले, “ही वही हितंच राहू द्या. चालंल का?” मी हो म्हणालो. ते आत गेले आणि दुसरी वही घेऊन आले, माझ्या तासाची. “तिच्या पिशवीत हुती. तुमची हाय.”

ती वही मी घरी येऊन लगेच उघडली नाही. मला भीती होती ती जुलैच्या पानांची. बाई तेव्हा माझ्या तासाला का येत होत्या, ते आता मला कळलं होतं. निरीक्षणाला बसलं की मोकळ्या तासाला दुसऱ्या कुणाच्या जागी वर्गावर उभं राहावं लागत नव्हतं. मग तीन तीनदा येऊन त्यांनी नुसतं बसून घेतलं असेल, पानं कोरी असतील, आणि मी त्या रिकाम्या पानांसाठी नकाशे गोळा करत होतो.

पानं कोरी नव्हती. अक्षर खाली उतरत गेलं होतं, पण पानं भरलेली होती. एका पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, ‘मागं बसलं की दम पुरतो.’ त्याच्या खालच्याच ओळीत, ‘सर नकाशावर बोट ठेवतात तेव्हा मागच्या दोन रांगा उठून उभ्या राहतात. त्यांना दिसत नाही. नकाशा वर टांगता येईल.’ नियम मोडून त्यांनी मत लिहिलं होतं.

शेवटची नोंद त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारची. खाली प्रश्न होता. ‘आठवी ब. तिसऱ्या बाकावरची, खिडकीकडची मुलगी पूर्ण तास वही उघडत नाही. चार तास पाहिलं. तुम्हाला दिसली का?’

समोरचं पान कोरं. वही माझ्यापर्यंत आलीच नव्हती.

मी त्या वर्गाला जूनपासून शिकवत होतो. ती मुलगी डोळ्यांसमोर आली, तिची वही काही येईना. दुसऱ्या दिवशी तासाला पाहिलं. ती वही पुढ्यात बंद ठेवून, तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. माझ्याकडे बघत होती. तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

“वही का उघडत नाहीस गं?”

ती घाबरली. मग म्हणाली, “सर, तुम्ही लई भरभर सांगताय. लिहायला घेतलं की ऐकायचं राहतंय. म्हणून ऐकते, आणि घरी जाऊन आठवून लिहिते.”

तिने वही दाखवली. पानंच्या पानं भरलेली होती, मी विसरलेली वाक्यंसुद्धा. नकाशेही तिने आठवून काढले होते. किनारे थोडे चुकलेले.

“हे कुणाला माहीत आहे?”

“गणिताच्या मॅडमना. त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, सरांना सांगू का? तर त्या म्हटल्या, नको सांगू. सरांना बघू दे.”

मी तिला जा म्हणालो. वर्ग रिकामा झाला. मागांचा आवाज येत होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो, पहिल्यांदाच त्या दिवसानंतर, आणि उजव्या पानावर लिहिलं, ‘नाही. दिसली नव्हती. आज पाहिली, विचारलं.’ खाली काय लिहावं हे सुचेना. उठलो, पुन्हा बसलो. मग तसंच सोडलं.

नकाशा आता वर टांगलेला आहे. आठवी ‘ब’ला गणित शिकवायला एक तरुण सर आले आहेत. त्यांच्या तासाला बसू का, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. प्रश्न विचारला की मी थांबतो, आणि थांबलो असताना मुलांकडे पाहत राहतो. कधी कधी आकडे येतात.

बाईंच्या तासाची वही त्यांच्या घरी आहे. माझ्या तासाची वही माझ्या पिशवीत असते. तिच्यात एकोणचाळीस पानं कोरी आहेत.